बिनपत्त्याची हाक

दुपारची पेंगुळलेली वेळ. लॅपटॉप उघडला, वायफाय जोडलेलं दिसत होतं, पण एक पान उघडेल तर शपथ. सेटिंगमध्ये जाऊन मशीनचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, पाहिला, तर १६९.२५४ ने सुरू होणारा. बघताक्षणी ओळखलं. मशीनने पत्ता मागितला, कुणी ओ दिली नाही, म्हणून बिचाऱ्याने स्वतःच एक ठरवून घेतला. शेजारच्या मशीनशी त्यावर बोलता येतं. इंटरनेटवर मात्र त्याला कुत्रं विचारत नाही.

मग सवयीने दोन आज्ञा: आयपीकॉन्फिग रिलीज, आयपीकॉन्फिग रिन्यू. म्हणजे आहे तो पत्ता सोड, नव्याने माग. बोटांना पाठ आहे.

मशीनने पत्ता मागायचा आणि नेटवर्कने द्यायचा, या रीतीचं नाव डीएचसीपी. या डीएचसीपीवर माझा जीव आहे, हे कुणाला सांगितलं की लोक काळजीने बघतात. पण त्याची रीत बघा. ज्याला पत्ताच नाही तो बोलणार कसा? तर तो ०.०.०.० या नावाने २५५.२५५.२५५.२५५ ला, म्हणजे सगळ्यांनाच, हाक मारतो: कुणी पत्ता देता का? राउटर म्हणतो, हा घे. एवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण मशीन पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतं, की मी अमक्याचा पत्ता घेतोय. कारण देऊ करणारे दोघे-तिघेही असू शकतात. ज्यांचा घेतला नाही त्यांनी आपापला परत ठेवून द्यावा. शेवटी देणाऱ्याचा होकार. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. इतकी शिस्तीची देवघेव माणसांत मी फारशी पाहिलेली नाही.

हे नव्हतं तेव्हा वही होती. लॅबमध्ये दोऱ्याने बांधलेली, कोपरे दुमडलेली. डावीकडे मशीनचं नाव, उजवीकडे पेन्सिलने पत्ता. खोडून खोडून कागद इतका पातळ झालेला, की मागच्या पानावरचे आकडे पुढे दिसत. वही न बघता कुणी मनानेच आकडा टाकला, की दोन मशीन एकाच पत्त्यावर हक्क सांगायची आणि दोन्ही आलटूनपालटून मुकी व्हायची. १९९३ साली डीएचसीपीचं पहिलं मानक आलं, तरी अशा वह्या पुढे कितीतरी वर्षं टिकल्या. सर्व्हरपेक्षा पेन्सिलीवर विश्वास जास्त.

काही लोक अजूनही घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता ठोकून बसवतात. प्रिंटरपुरतं मी समजू शकतो. पण फोनलासुद्धा? पत्ता मुदतीवर मिळतो हेच तर त्यातलं शहाणपण. चोवीस तासांची मुदत असेल तर मशीन बाराव्या तासालाच वाढवून मागतं. देणारा गप्प राहिला, तर एकविसाव्या तासाला पुन्हा सगळ्यांना हाक.

तर त्या दुपारी राउटर बंद करून चालू केला आणि सगळं सुरळीत झालं. का, ते शोधायचा कंटाळा केला.

आयपीव्ही-सिक्समध्ये, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीत, म्हणे बऱ्याचदा हे विचारणंच नसतं. राउटर पत्त्याचा सुरुवातीचा भाग जाहीर करतो, उरलेला मशीन आपला आपण जोडून घेतं. कुणाकडे मागायला नको, मुदत वाढवायला नको. सोयीचं असेलही. मला नाही आवडत. पण मला विचारतंय कोण!