आमची वाटचाल : वडलांच्या होडीपासून

आम्ही लोकांना होडीतून पक्षी दाखवतो. आमचं गाव कुंभारगाव, भिगवणजवळ, इंदापूर तालुका. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं आणि भीमेच्या पाण्यात आज्याची काळी जमीन गेली, मग घर मासेमारीवर आलं. वडील पहाटे जाळं काढायला जायचे, चिलापी मासा भिगवणच्या मार्केटला द्यायचे, मी सुट्टी असली की होडीत मागं बसून पाणी उपसायचो. फ्लेमिंगो आमच्या जाळ्याच्या आसपासच उभे असायचे, ते बघायला कोणी पैसे देईल असं डोक्यातसुद्धा नव्हतं.

एकदा पुण्याचे दोन फोटोग्राफर काठावर आले, म्हणाले होडीतून आत नेता का. वडलांनी नेलं. परत आल्यावर आईनं चिलापी तळून भाकरी वाढली, पुढच्या रविवारी तेच लोक आणखी चौघांना घेऊन हजर. सुरुवात एवढीच, ना बोर्ड ना लोन.

दुसऱ्या सीझनला माझ्याकडून चूक झाली. एका ग्राहकाला उडत्या थव्याचा फोटो पाहिजे होता, मी इंजिन बंद न करता होडी सरळ थव्यात घातली. फोटो भारी आला, टीप पण मिळाली. वडील त्या दिवशी गप्प. दुसऱ्या दिवशी मला त्याच जागी घेऊन गेले, एक पक्षी नव्हता. म्हणाले, "अरं, एवढ्या अंगाचं पाखरू, पाण्यावर पळत पळत मग उठतंय, किती दम लागत असंल त्याला. डोकं उलटं करून दिवसभर गाळ चाळतंय तवा पोट भरतंय, आन् तू त्याला ताटावरनं उठवलं."

तेव्हापासून आमच्याकडं थव्याच्या बरंच अलीकडं इंजिन बंद होतं, पुढं बांबूनं रेटत जायचं. यावरून काही ग्राहक तुटले, रेटिंग पण कमी दिली, चालतंय. कुरव पक्ष्यांना फरसाण टाकायला पण आम्ही देत नाही, लहान पोरं हट्ट करतात तेव्हा वाईट वाटतं, पण तेलकट शेव हे त्या पाखराचं खाणं नाही.

लोक फोन करून विचारतात फ्लेमिंगो नक्की दिसतील का. आमचं सगळं पाण्यावर आहे बघा, धरण भरलेलं असलं की उथळ जागाच राहत नाही, जसं पाणी उतरतं तसा गाळ उघडा पडतो आणि मग पाखरं काठाजवळ येतात. थंडीत पट्टकादंब (हंसाच्या जातीचे पक्षी) असतात, ते हिमालय ओलांडून आलेले, आपण स्वेटर घालून कुडकुडतो आणि ते निवांत चरत असतात. वापरायचं पाणी संपून धरण मायनसमध्ये गेलं की पलीकडं पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं, आई तेव्हा अजून हात जोडते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऐन सीझनला बुकिंग शून्य झालं, परत जाळं टाकलं, त्यावरच घर चाललं. आता दोन होड्या आहेत, मुक्कामाला तीन खोल्या, स्वयंपाक अजून आईच्याच हातचा. वडील होडी चालवत नाहीत, पण उजाडायच्या आत काठावर येऊन बसतात आणि कुठल्या बाजूला थवा उतरलाय ते आम्हाला हातानं दाखवतात, तोंडानं नाही, आवाज जातो म्हणून.