आयव्हीएफसाठी सुट्टी देणारी कंपनी सोडवत नाही

आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय, आपल्याकडं यावर कुणी मोठ्यानं बोलत नाही म्हणून मुद्दाम. मूल होण्यासाठीची ट्रीटमेंट, म्हणजे आयव्हीएफ (स्त्रीबीज आणि शुक्राणू शरीराबाहेर लॅबमधे एकत्र आणतात ती), आणि नोकरी.

मी मँचेस्टरला राहते, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ ला इथनं जवळच ओल्डहॅमला जन्मली. पण म्हणून इथं सगळं फुकटात होतं असं नाही. चाळिशीच्या आतल्या बाईला सरकारी खर्चानं ३ सायकल, म्हणजे ट्रीटमेंटच्या ३ पूर्ण फेऱ्या, द्याव्यात अशी शिफारस आहे, प्रत्यक्षात तुम्ही कुठं राहता त्यावर ठरतं, बऱ्याच भागात एकच मिळते. आणि आयव्हीएफसाठी सुट्टी द्यायलाच पाहिजे असा कायदा इथंही नाही, ते कंपनीच्या मनावर.

आमची कंपनी देते. स्कॅनला, एग म्हणजे स्त्रीबीज काढायच्या दिवशी, ट्रान्सफरला (तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात तेव्हा) पगारी सुट्टी, जोडीदारालाही, आणि मॅनेजरला कारण सांगायला लागत नाही. आम्ही दोघं यातनं गेलोय म्हणून सांगते, पैसा लागतोच पण त्याहून जास्त ओढाताण वेळेची होते. इंजेक्शनं सुरू झाली की दहा-बारा दिवस सारखी सोनोग्राफी, एग कधी काढायची ते फॉलिकल (बीज ज्यात वाढतं ती बारीक पिशवी) किती वाढलंय बघून ठरतं, त्यामुळं आधीच रजा टाकून ठेवू म्हटलं तर जमतच नाही, आणि ट्रान्सफरनंतर रिझल्ट येईपर्यंत जीव टांगणीला. त्या दिवसांत साहेबापुढं खोटी कारणं सांगत उभं राहायला लागलं नाही मला. नंतर दुसरीकडनं जास्त पगाराची ऑफर आली, नीट विचार केला आणि नाही म्हटलं.

आता आपल्याकडचं, कोल्हापूरचं बघा. माझ्या चुलत वहिनी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला होत्या, कामाला एकदम पक्क्या. ट्रीटमेंटसाठी सारख्या रजा म्हणून बोलणी खाल्ली, घरात पण नोकरीच्या ताणानंच दिवस राहत नाहीत हेच ऐकलं, शेवटी सोडली नोकरी. त्यांच्या जागी पोरगं घेतलं, शिकवलं, ते पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात गेलं. आणि मालक म्हणतात माणसं टिकत नाहीत!

२०१७ पासून आपल्याकडं बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर, चांगलंच आहे. पण हे सगळं दिवस राहिल्यावरचं, त्याआधीच्या धावपळीला काही नाही, बहुतेक मेडिक्लेममधे पण हा खर्च बसत नाही.

२०१४ ला फेसबुक, ॲपलनं बायकांना एग फ्रीझिंगचे, म्हणजे बीज गोठवून ठेवायचे पैसे द्यायचं जाहीर केलं त्याची लई चर्चा झाली, मला मात्र ते तितकं पटत नाही, त्यात मूल पुढं ढकला असा सूर वाटतो. शिरोली, कागलच्या कारखान्यांनी तेवढा खर्च करावा असं मी म्हणतच नाही. स्कॅनच्या दिवशी दोन तास उशिरा येऊ द्या, रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय' एवढंच कारण चालू द्या, आणि नवऱ्याला पण सुट्टी द्या, अडचण पुरुषाकडनं पण असते आणि सॅम्पल द्यायला त्यालाही जावंच लागतं की हो.

कुणी तिकडं एचआरला असाल तर मला लिहा, आमच्या पॉलिसीतले मुद्दे मराठीत लिहून पाठवते, साहेबांपुढं ठेवा.