कायोटीचं कातडं राखायचं असेल तर .२२-२५० घरी ठेवा: रॉलिन्सच्या रानातले चार दिवस

पहिला कायोटी साठ यार्डांवर पडला. मेहुणा पुढे धावला, जनावर उलटं केलं आणि तिथूनच ओरडला, "दाजी, ह्यातनं हात जातोय बघा!" खरंच जात होता. गोळी आत शिरली ती जागा केसांत बोटं घालून शोधावी लागली, बाभळीचा काटा टोचल्याएवढी. पलीकडच्या बाजूला मात्र बगलेपासून शेवटच्या फासळीपर्यंत कातडं फाटून लोंबत होतं. जानेवारीतली फर, वर्षातली सगळ्यात दाट. फुकट गेली.

मी .२२-२५० ही रायफल नेली, कारण ज्याला विचारलं त्याने तीच सांगितली. बंदुकीच्या दुकानातल्या माणसाने, ऑफिसातल्या दोघा जुन्या शिकाऱ्यांनी, आणि पैसे घेऊन रानात नेणाऱ्या इसमानेही. त्यांच्यातलं कोणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. मी विचारत होतो कातडं कसं राखावं, आणि ते सगळे सांगत होते कायोटी कसा पाडावा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हा फरक मला चार कातडी नासल्यावर कळला, म्हणून हा वृत्तांत. थंडीची तयारी, निशाण्याचा सराव, दिवसाला आठ-दहा मैल बर्फात चालणं हे तुम्हाला जमतं असं धरून चालतो.

ज्यांनी कायोटी पाहिला नाही त्यांच्यासाठी: आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद, पायांनी उंच, तोंडाने निमुळता, दहा ते पंधरा किलोचा. रात्री ओरडतो तेव्हा गावाकडची कोल्हेकुई हमखास आठवते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, जिथे रॉलिन्स आहे, कायोटी मात्र 'प्रिडेटरी ॲनिमल' (उपद्रवी शिकारी प्राणी) या वर्गात मोडतो. त्याला हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही आणि परवानाही लागत नाही. मेंढ्या पाळणारे तो कमी व्हावा म्हणून वाट बघत असतात. माझी स्वतःची अट एकच आहे: मारलेलं जनावर वाया जाऊ द्यायचं नाही. मांस खात नाहीत, मग निदान कातडं तरी वापरात आलं पाहिजे. यात पैसे मिळत नाहीत हे आधीच सांगतो. जॅकेटच्या टोपीला कायोटीची झालर लावायची फॅशन होती तोवर भाव होता. २०२१ मध्ये कॅनडा गूज या जॅकेटच्या कंपनीने फर बंद करण्याचं जाहीर केलं आणि ते दिवस गेले.

डेन्व्हरहून रॉलिन्स साधारण सव्वादोनशे मैल. फोर्ट कॉलिन्सवरून महामार्ग २८७ ने लॅरमीपर्यंत रस्ता चांगला. तिथून पुढचे शंभर मैल इंटरस्टेट ८०, आणि तो हिवाळ्यात भरवशाचा नाही. एल्क माउंटनच्या पायथ्याशी वारा बर्फ असा आडवा उडवतो की पुढच्या ट्रकचे दिवे दिसत नाहीत. हा टप्पा १९७० मध्ये सुरू झाला तेव्हा तिथल्या जुन्या लोकांनी 'इथून रस्ता नेऊ नका' असं बजावलं होतं. जुना यू.एस. ३० म्हणूनच उत्तरेकडून, मेडिसिन बोवरून वळसा घालून जातो. आम्ही लॅरमीत एक रात्र अडकलो. निघण्याआधी ५११ या रस्त्यांच्या माहितीच्या सेवेवर रस्त्याची स्थिती बघा आणि 'बंद' लिहिलं असेल तर मोटेल घ्या, वाद घालू नका.

आता त्या रानात नेणाऱ्या माणसाबद्दल. दोघांचे मिळून दिवसाला चारशे डॉलर, 'खासगी रँचच्या प्रवेशाचे'. शिवाय सोलण्याचे नगास पंचवीस. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने फोनवर जमीन कोणाची ते दाखवणारा ऑनएक्सचा नकाशा उघडला, तर आम्ही बसलो होतो ती जमीन बीएलएम या सरकारी खात्याची, म्हणजे सार्वजनिक. सकाळपासून पाच ठिकाणी दबा धरून बसलो होतो, त्यांतली तीन तशाच जमिनीवर होती. संध्याकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, "रस्ता मला माहीत आहे, त्याचे पैसे." दोन दिवसांचे आठशे गेले ते गेलेच.

तुम्ही यात फसू नका. १८६२ च्या रेल्वे कायद्याने युनियन पॅसिफिकला रुळांच्या दोन्ही बाजूंना एक चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक दिले. म्हणून या भागाचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा आहे, एक घर खासगी, शेजारचं सरकारी. सरकारी घरात पायी जायला कोणाला काही द्यावं लागत नाही. कोपऱ्यावरून एका सरकारी घरातून दुसऱ्यात पाऊल टाकण्याबद्दल वर्षानुवर्षं भांडण होतं. २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे वायोमिंग ज्यात येतं त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, फक्त खासगी जमिनीला पाय लागता कामा नये. आणि सार्वजनिक जमिनीवर पैसे घेऊन गिऱ्हाईक नेणाऱ्याला बीएलएमचा परवाना लागतो. तो दाखवायला सांगा. दाखवला नाही तर तिथूनच परत फिरा.

बंदुकीकडे येतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. सोनाराची गुंज माहीत असेल तर एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. .२२-२५० ची नेहमीची गोळी ५५ ग्रेन, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या जरा वर, आणि नळीतून निघते सेकंदाला सुमारे ३,६८० फूट वेगाने. अडीचशे-तीनशे यार्डांवर हा वेग पुरेसा ओसरलेला असतो, तिथे ही रायफल सुंदर काम करते. दुकानदार, ऑफिसातले लोक, सगळे त्याच अंतराबद्दल बोलत होते. पण आम्ही ससा ओरडल्याचा आवाज वाजवून बसत होतो. सेजब्रशच्या झुडपांत कायोटी दिसतो तोच शंभराच्या आत. आमच्या आठांपैकी सहा शंभर यार्डांच्या आत पडले. तिथे गोळी पूर्ण वेगात असते. ती आत फुटते आणि फासळ्यांचे तुकडे बरोबर घेऊन पलीकडून निघते. .२२-२५० ने पाडलेल्या चार जनावरांपैकी तीन अशी गेली. चौथं समोरून छातीत लागलं होतं, गोळीला लांबीत थांबायला जागा मिळाली आणि बाहेर पडलीच नाही. तेव्हा ही रायफल घरात असेल आणि दुसरी घ्यायची नसेल, तर आडवं उभं असलेलं जनावर सोडा, समोर तोंड करेपर्यंत थांबा. तोंडाने हलकीशी शीळ घातली की बहुतेक वेळा वळून बघतो.

मेहुण्याकडे .२०४ रुगर होती. हे काडतूस २००४ चं. त्याच्याकडे दोन प्रकारची होती. ३२ ग्रेनची व्ही-मॅक्स गोळी ४,२०० फुटांच्या वर जाते, ऐकायला भारी वाटतं. ती एका कायोटीला खांद्याच्या हाडावर लागली आणि आत न शिरता वरच फुटली. जनावर पडलं, पण तळहाताएवढी जखम झाली. त्या रात्री आम्ही ती पेटी बाजूला ठेवली. ४० ग्रेनची सुमारे ३,९०० ने जाते, जरा खोल शिरते आणि आतच विरते. तिने तीन पाडले. तिन्हींना आत जाणारं भोक तेवढं, बाहेर काही नाही. कापसाचा बोळा घातला की रक्तसुद्धा केसांत उतरत नाही. माझा निकाल सरळ आहे: कातडं हवं असेल तर .२०४ आणि ४० ग्रेन, खांद्याच्या हाडामागे चार बोटं.

.१७ रेमिंग्टनचं नाव कातडीवाले आदराने घेतात आणि त्यात तथ्य आहे. १९७१ चं काडतूस, २५ ग्रेनची गोळी ४,००० फुटांच्या आसपास. भोक सापडत नाही इतकं लहान. पण रॉलिन्सचा वारा तिला मानवत नाही. तीस मैलांचा वारा तिथे रोजचा, आणि त्यात दीडशेच्या पुढे मी ती चालवणार नाही. शिवाय नळी लवकर माखते, साफ करायची सळई वेगळी लागते आणि काडतुसं सगळ्या दुकानांत नसतात. झाडीच्या, कमी वाऱ्याच्या मुलखात जाणार असाल तर जरूर घ्या. .१७ एचएमआर मात्र हिच्या नावासारखी दिसते म्हणून घेऊ नका. ती खारी-सशांची आहे. जखमी कायोटी तीन मैल पळून कुठल्यातरी घळीत मरतो, यापेक्षा वाईट काही नाही.

.२२३ मधली वाट आहे. काडतूस कुठेही मिळतं, स्वस्त आहे. ५५ ग्रेन ३,२४० ने जाते, त्यामुळे जवळून .२२-२५० इतका नाश करत नाही, पण करतच नाही असंही नाही. घरात ती असेल तर नवी घ्यायला जाऊ नका, पटकन फुटणारी गोळी तेवढी निवडा. .२४३ हरणासाठी ठेवा. कठीण, न फुटणारी लष्करी गोळी वापरली की भोक लहान पडतं, असा सल्ला मला तिघांनी दिला. भोक लहान पडतं हे खरं. जनावर त्या भोकासकट पळून जातं हेही खरं. मी वापरली नाही, वापरणारही नाही.

सोलणं लगेच करा. उणे बावीस सेल्सिअसमध्ये दीड तासात पाय लाकडासारखे होतात, मग सुरी चालत नाही. पहिल्या दिवशी आम्ही तीन कायोटींची धडं संध्याकाळपर्यंत पिकअपमध्ये ठेवली आणि रात्री बारापर्यंत गोठलेल्या पायांशी झगडत बसलो. पंचवीस डॉलर घेणारा तोवर घरी गेला होता. बोटांच्या टोकांना अजून मुंग्या येतात. मागच्या पायांच्या आतून चीर द्या आणि मोजा उलटा काढावा तसं नाकापर्यंत ओढत आणा, पोट फाडू नका. हातमोजे घालाच. खरूज झालेलं, शेपटी उघडी पडलेलं जनावर सोलू नका, गाडीतही घेऊ नका. रक्त लागलं असेल तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. आणि जायचंच तर डिसेंबर-जानेवारीत जा. फेब्रुवारीत जोड्या जमतात, अंग घासून मानेची-कमरेची फर विरळ होते.

तिसरा आणि चौथा दिवस आम्ही दोघेच ग्रेट डिव्हाइड बेसिनमध्ये फिरलो. वारा पडला होता, ऊन होतं, सगळं नीट झालं.

आता एक गोष्ट, जी मला निघण्याच्या आठवडाभर आधी कळली आणि घाम फुटला. मेहुणा एच-वन-बीवर आहे. अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. त्यातून सुटण्याची नेहमीची वाट म्हणजे मुदतीतला शिकार परवाना. आणि वायोमिंगमध्ये कायोटीला परवाना लागत नाही, म्हणून बहुतेक जण तो काढतच नाहीत! ग्रीनकार्डवाल्याला याने फरक पडत नाही, पण व्हिसावरच्या माणसाचा तो संघीय गुन्हा होतो. मेहुण्याचा हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा, कोर्स सुदैवाने झालेला होता, त्यामुळे कोलोरॅडोचा लहान जनावरांच्या शिकारीचा परवाना लगेच काढता आला. कुठल्याही राज्याचा चालतो. दुसऱ्याची बंदूक पाच मिनिटं हातात धरायची असली तरी तो खिशात हवा. मित्राच्या भरवशावर जाणाऱ्या प्रत्येकाने हे आधी बघा, रायफल नंतर.

आठांपैकी चार कातडी अखंड कमावायला दिली आहेत. उरलेली चार मी गॅरेजमध्ये आतल्या बाजूने मेणदोऱ्याने शिवतो आहे. पहिल्याला एकतीस टाके पडलेत, अजून बगल बाकी आहे.