भाच्यासाठी डिप्लॉयमेंटचा चाकू: पातं ठरलं, आता म्यानावर काम सुरू

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय. जुन्या कानशीतून किचनचा चाकू घडवून राहिलो होतो तो तसाच बाजूला पडलाय, मधेच घरचं काम आलं. भाचा आर्मीच्या सिग्नल्समध्ये (संपर्काचं काम बघणारा विभाग) आहे, महूला एमसीटीईत, म्हणजे लष्कराच्या दूरसंचार कॉलेजात, कोर्स चालू होता त्यामुळे रविवारी जेवायला इंदूरला आमच्याकडेच, आणि एका रविवारी सांगितलं की यूएन मिशनवर साउथ सुदानला जायचंय. आईला म्हणजे माझ्या ताईला अजून नीट सांगितलं नव्हतं पण मामाला आधी, आणि लगेच पुढे, मामा तुझ्याकडे ढीगभर चाकू आहेत, एक कामाचा काढून दे ना.

आता आपल्यासारख्या माणसाला असं कोणी म्हटलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सगळा डबा टेबलावर ओतला. मोठा सात इंची कार्बन स्टीलवाला, पाच मिलिमीटर जाड, मागे करवतीचे दात, मला फार आवडतो तो. त्याने उचलला, बॅलन्स बघितला, बढिया आहे म्हणाला आणि ठेवून दिला. मग मी विचारलं, दिवसभर तुला चाकू नक्की कशाला लागतो ते सांग. तर यादी अशी निघाली: खोक्यांची टेप, झिप टाय, पॅराकॉर्ड (नायलॉनची दोरी), वाळूच्या पोत्यांची तोंडं, रेशनची पाकिटं, ताडपत्रीच्या दोऱ्या, केबलवरची इन्सुलेशन टेप, आणि कधी पपई नाहीतर आंबा. मी म्हटलं आणि मारामारी? म्हणे त्यासाठी रायफल दिलीये मामा.

सगळी निवड त्या यादीवरून झाली. लष्करी चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो तो दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स, दोन्हीकडून धार, निमुळतं टोक. दिसतो सुंदर, पण त्याने खोकं कापून बघा, आणि दुधारी असल्यामुळे पाठीवर अंगठा ठेवून जोरही देता येत नाही. उलट स्विस सैन्याने १८९१ साली सैनिकांना जो घडीचा चाकू दिला त्यात होतं काय, तर एक पातं, डबा उघडायचं हत्यार, भोक पाडायचा टोचा आणि स्क्रू ड्रायव्हर, कारण त्यांची नवी रायफल उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागायचा आणि जेवण टिनच्या डब्यात यायचं. म्हणजे त्यांनी आधी काम बघितलं मग चाकू केला. अमेरिकन मरीन्सचा का-बार १९४२चा, सात इंची पातं, चामड्याच्या चकत्यांची मूठ, तोही प्रत्यक्षात खड्डे खणायला, डबे उघडायला आणि फांद्या तोडायलाच जास्त वापरला गेला. खुकरीची गोष्ट वेगळी, ती गोरखा पलटणींची आहे, त्यांच्या हाताला सवय आहे आणि तोडायचं काम तिच्याएवढं कोणी करत नाही, पण झिप टाय कापायला खुकरी काढणं जरा जास्तच होईल.

आणि हो, कायद्याचं आधी सांगून टाकतो कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच. आर्म्स रूल्स २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं हत्यारात धरलंय, घरगुती शेतीबितीची अवजारं सोडून, पण आपल्या मध्यप्रदेशात १९७४चं नोटिफिकेशन आहे त्यात सार्वजनिक जागी मर्यादा सहा इंच लांबी, दोन इंच रुंदी, आणि बटन दाबून उघडणारा स्प्रिंगचा चाकू तर कुठल्याच मापाचा नाही. म्हणून टेस्टिंगला बाहेर नेताना मी फक्त चार इंचीवालेच नेतो, एरवी बॅगेत आत. विमानात अर्थात चेक-इन सामानातच. आणि युनिटमध्ये खाजगी चाकू ठेवू देतात की नाही हे सीओंच्या (कमांडिंग ऑफिसरच्या) हातात, भाच्याने आधी विचारून घेतलं मगच मी पुढचं काम काढलं.

स्टील

इथे माझा जीव थोडा तुटला कारण मी कार्बनवाला माणूस. १०९५ या कार्बन स्टीलमध्ये ०.९५ टक्के कार्बन, क्रोमियम जवळजवळ नाहीच, धार लावायला मजा येते, घरच्या सिल्लीवर (धारेच्या दगडावर) पाच मिनिटांत केस उडवते. पण साउथ सुदानला साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस, नाईलच्या काठची दलदल, चिखल, आणि उरलेल्या वेळी घाम, घामात मीठ. लडाखला पाठवायचा असता तर कार्बन हसत दिला असता, तिथे हवा कोरडी, तिथे वेगळी भानगड, घट्ट झालेलं तेल आणि उघड्या हाताला चिकटणारी धातूची मूठ. इथे तसं नाही.

तरी टेस्ट केलीच. पाऊस लागल्यावर गॅलरीत चार पाती मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, बायकोने मांजरीचं काही आहे समजून दोनदा फेकायला काढली होती. १०९५ सकाळी उठून बघतो तर नारिंगी. डी२ या टूल स्टीलवर ठिपके, आणि हे पुष्कळ जणांना पटत नाही, बारा टक्के क्रोमियम आहे म्हणतात मग गंजतं कसं, तर त्यातलं बरंच क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, गंज अडवायला मोकळं राहत नाही. १२सी२७ आणि १४सी२८एन हे दोन्ही स्वीडिश स्टेनलेस जवळपास जसेच्या तसे, पुसले की झालं. मग ठरलं, स्टेनलेस.

जाडी

इंदूरच्या सियागंज बाजारातून जाड तीन पदरी खोकी उचलून आणली, रद्दीच्या भावात, आणि पाच मिलिमीटरवाला आणि एक अडीच मिलिमीटरवाला असे दोन चाकू घेऊन बसलो. पाच मिलिमीटरचा पाठीला जाड असल्यामुळे खोक्यात रुततो, पुठ्ठा कापण्याऐवजी फाडत जातो, हात दुखायला लागतो. अडीच मिलिमीटरचा सरळ निघून जातो. खोकी कापून झाल्यावर नईदुनिया पेपरचा कागद कापून बघायचो धार किती उरली ते, आणि पातळवाला धार थोडी कमी झाली तरी कापतच होता, कारण पातळ आहे म्हणून. लोक धारेवर भांडतात, भूमितीवर कोणी बोलत नाही. जाड चाकूवाले म्हणतील की त्याने फळी उचकटता येते, तर उचकटायला मल्टिटूल आहे ना, आणि तो त्याच्याकडे आहेच, लेदरमन. केबल सोलणं, तारा तोडणं, स्क्रू, सगळं त्यावर. तांब्याची तार चाकूच्या धारेने तोडायची नाही, धारेला खाच पडते. फायबर केबलच्या आतले पिवळे अरॅमिडचे धागे तर चाकूला दाद देत नाहीत, त्याची कात्री वेगळी मिळते आणि ती त्यांच्या किटमध्ये असते. तसंच जखमी माणसाचे कपडे कापायलाही चाकू नाही, बोथट टोकाची ट्रॉमा शिअर्स, हे मी त्याला सांगायला गेलो तर त्यानेच मला सांगितलं.

फोल्डर, म्हणजे घडीचा चाकू, का नाही? चिखल पिव्हटमध्ये (बिजागरीत) जातो, लाइनर लॉकच्या (उघडं पातं अडवून धरणाऱ्या पट्टीच्या) मागे खडा अडकला की लॉक पूर्ण बसत नाही, आणि ग्लोव्ह घालून एका हाताने उघडणं जमतं पण दर वेळी नाही. दातेरी धारही नको म्हटलं, ओला दोर कापायला दाते चांगले, खरंय, पण तिथे जाऊन त्यांना धार लावणार कोण, आणि अर्ध्या दातेरी पात्यात दाते नेमके मुठीजवळ येतात जिथे सगळ्यात जास्त जोर मिळतो.

तर शेवटी मोरा या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन स्टेनलेस. साधारण १०४ मिलिमीटर पातं, अडीच जाड, मूठ प्लॅस्टिक आणि वर रबरासारखा थर. फुल टँग (पात्याचं स्टील मुठीच्या शेवटापर्यंत) नाही हे माहितीये, ज्यांना फुल टँगच पाहिजे त्यांच्यासाठी त्याच घरचा गारबर्ग आहे, ३.२ मिलिमीटर, १४सी२८एन, पण किंमत बघा आणि मग विचार करा की तो नाईलच्या गाळात पडला तर कसं वाटेल. हरवला तर दुसरा घेता येईल असाच चाकू माणूस न घाबरता वापरतो.

धारेला एकच बदल केला. स्कँडी ग्राइंड (पात्याचा एकच सरळ उतार) थेट शून्यावर येते, एका बाजूला बारा-तेरा अंश, लाकडाला मस्त पण झिप टाय आणि पुठ्ठ्याने तिची कड मुडपते. म्हणून सिरॅमिक रॉडवर दोन्ही बाजूंनी वीसेक अंशांवर हलका मायक्रोबेव्हल, म्हणजे धारेच्या कडेलाच बारीक दुसरा उतार, दिला. बस, नुसत्या डोळ्यांना दिसत पण नाही.

म्यान

आता खरं काम. चाकू निवडताना जितकं डोकं खाल्लं त्याच्या दुप्पट म्यानाने खाल्लं, आणि माझं म्हणणं आहे की डिप्लॉयमेंटला म्यान हाच अर्धा चाकू आहे. घरी चाकू ड्रॉवरमध्ये असतो, तिथे तो दिवसभर अंगावर असतो, माणूस गाडीत चढतो, उड्या मारतो, जमिनीवर पालथा पडतो. सुटला तर एक तर हरवतो नाहीतर मांडीत जातो. मूळचं प्लॅस्टिकचं म्यान बेल्टला ठीक आहे पण छातीवरच्या लष्करी वेस्टच्या पट्ट्यांवर बसवायची सोय त्यात नाही.

चामडं बाद, ओलं झालं की आठवडाभर वाळत नाही, बुरशी धरतं आणि पात्याला ओल लावून ठेवतं. आधी मापासाठी सियागंजमधूनच जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला, उभा चिरून गरम करून चपटा केला आणि त्यावर आकार काढून बघितला. पीव्हीसीवर भागेल का म्हणणाऱ्यांसाठी, भागेल, ट्रेकला नक्की भागेल, पण ते ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याचा भरवसा नाही.

म्हणून फायनल कायडेक्स, दोन मिलिमीटरचा शीट. ॲक्रिलिक आणि पीव्हीसीचं मिश्रण असतं ते, १७० अंशांच्या आसपास पापडासारखं लवचिक होतं. जुना ओटीजी ओव्हन वर गच्चीत नेलाय, खाण्याच्या ओटीजीत हे करू नका, आणि तापमान २००च्या वर जाऊ देऊ नका, पीव्हीसी जळलं की निघणारा धूर वाईट असतो. पात्याच्या टेंपरचं (कडकपणाचं) काय असं कोणी विचारेल, तर त्याला काही होत नाही, शीट लगेच गार होतो. भीती मुठीची आहे, ती पॉलिप्रॉपिलीनची, तिला एवढी उष्णता सोसत नाही. म्हणून मी सागवानाच्या तुकड्यातून हुबेहूब डमी चाकू घासून काढला, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर, मग दोन प्लायवूडमध्ये कॅम्पिंग मॅट घालून प्रेस, चार सी-क्लॅम्प, दहा मिनिटं थांबायचं आणि हात लावायचा नाही, हे शेवटचं सगळ्यात अवघड.

आकार पॅनकेक ठेवला, म्हणजे दोन शीट समोरासमोर आणि दोन्ही कडांना आयलेट (धातूच्या कड्या). आयलेट ताडपत्रीवाल्याकडे मिळाले, पाव इंची. त्यांच्यातलं अंतर दीड इंच, कारण वेस्टवरच्या पट्ट्या इंचभर रुंद असतात आणि त्यांची शिलाई दर दीड इंचावर येते, तेवढं जमलं की ते कुठेही बांधता येतं, उभं, आडवं, उलटं. टोकाला पाणी निघायला भोक. आत रेती गेली तर पात्यावर ओरखडे येतात, कायडेक्सचा तो स्वभावच आहे, धुऊन टाकायचं.

कुठे लावायचं यावर भाचा आणि मी बराच वेळ वाद घातला. मी म्हणत होतो कमरेला उजवीकडे, नेहमीसारखं. तो म्हणे गाडीत बसलं की मूठ बरगडीत घुसते आणि सीटबेल्ट अडकतो, शिवाय उजवा हात रायफलवर असतो. म्हणून बेल्टला पुढे, किंचित डावीकडे, आडवं, कुठल्याही हाताने निघेल असं. त्याचंच बरोबर वाटतंय, मी स्वतः स्कूटरवर बसून बघितलं.

पकडीची टेस्ट: मूठ खाली करून सॅकच्या पट्ट्याला बांधलं आणि दोघं जानापावला चढून आलो, उतरताना तो मुद्दाम पायऱ्यांवरून उड्या मारत होता, येणारेजाणारे बघत होते. चाकू जागचा हलला नाही. उलट जरा जास्तच घट्ट आहे, ओल्या हाताने काढताना दोनदा झटका द्यावा लागतो, आणि असा झटका म्हणजे बाहेर आलेलं पातं कुठे जाईल सांगता येत नाही. अंगठ्याने ढकलून सुटेल अशी उंचवट्याची जागा ठेवलीये, तिथे हीट गनने अर्धा मिलिमीटर मोकळं करायचंय. हळूहळू करतोय, एकदा जास्त सैल झालं की परत पहिल्यापासून तापवावं लागतं.

मुठीबद्दल एक राहिलं. तिकडे मलेरियामुळे डास पळवणारं क्रीम रोज लागणार, आणि त्यातलं डीट नावाचं रसायन काही प्लॅस्टिकला आणि रबराला खातं, घड्याळाच्या काचा आणि चष्म्याच्या फ्रेम खराब झालेल्या तुम्ही बघितल्या असतील. मुठीवरच्या रबरी थराला काय होतं ते बघायला एका जुन्या मोरावर रोज क्रीम चोळतोय. चिकट व्हायला लागलं तर त्या भागावर पॅराकॉर्ड गुंडाळायचा विचार आहे, पकड जाड होईल पण चालेल. कोणी जी१० च्या (फायबरग्लासच्या) पट्ट्या अशा मुठीवर बसवल्या असतील तर फोटो दाखवा.

सोबत द्यायचं सामान: बोटभर सिरॅमिक रॉड, फडक्याचा तुकडा, आणि खाण्याचंच तेल, मशीन ऑइल नको म्हटलं कारण त्याच चाकूने तो पपई कापणार आहे. पट्ट्यावर धार ओढायची त्याला शिकवली, कमरेचा कॅनव्हास बेल्ट चालतो. पुढच्या रविवारी तो येतोय, तोवर हीट गनचं काम आणि काळ्या शीटऐवजी ऑलिव्ह शीटवर दुसरं म्यान, कारण त्याच्या जोडीदार मेजरसाहेबांनी फोटो बघून आपल्यासाठीही एक सांगितलंय, आणि ते डावखुरे आहेत.