हॅम्बर्गची केऑस काँग्रेस: काय तिथे जाऊन पाहावं, काय घरी

हॅकर आणि संगणक-सुरक्षा संशोधकांचा मेळावा असलेल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसचं सदतिसावं अधिवेशन २७ ते ३० डिसेंबर २०२३ला हॅम्बर्गच्या सीसीएच संकुलात भरलं. मोठ्या सभागृहांतली भाषणं थेट प्रक्षेपित होतात आणि बहुतेकांचं रेकॉर्डिंग पुढे फुकट मिळतं. मग विमानभाडं भरून जायचं कशासाठी, हे तिकिटाआधी ठरवा.

भाषणं कसदार होती. ‘ऑपरेशन ट्रायँग्युलेशन’ या भाषणात सायबरसुरक्षा कंपनी कॅस्परस्कीच्या संशोधकांनी आयफोनवरचा हल्ला पायरीपायरीने उलगडला: फोनधारकाला न दिसणारी आयमेसेज अटॅचमेंट, ४ झीरो-डे (उत्पादकालाही तोवर ठाऊक नसलेल्या त्रुटी), आणि ॲपलच्या चिपमधले असे रजिस्टर (हार्डवेअर चालवणाऱ्या नोंदजागा) जे फर्मवेअर, म्हणजे उपकरणातलं पायाभूत सॉफ्टवेअर, वापरतच नाही. त्यांच्या आधारे मेमरीचं संरक्षण चुकवलं होतं. हल्लेखोरांना ते रजिस्टर कसे कळले, हे ठाऊक नसल्याचंही संशोधकांनी मोकळेपणाने सांगितलं. पोलंडच्या इम्पल्स रेल्वेगाड्यांवरचं भाषणही तितकंच भक्कम. नियंत्रण संगणकाच्या कोडमध्ये इतर कंपन्यांच्या दुरुस्ती कारखान्यांचे अक्षांश-रेखांश सापडले. गाडी तिथे बराच काळ उभी राहिली की पुन्हा सुरूच होत नसे. उत्पादकाने आरोप नाकारले, पण संशोधकांनी कोडच पडद्यावर मांडला होता.

भाषण निवडताना वक्त्याच्या नावापेक्षा सारांश वाचा. कोणती चिप, कोणती आवृत्ती, हल्लेखोराच्या हातात आधी काय असावं लागतं? उपकरण उघडावं लागत असेल किंवा रूट अधिकार (यंत्रणेवरचे सर्वोच्च अधिकार) आधीच हवे असतील, तर ‘पूर्ण ताबा’ या दाव्याचं वजन बरंच कमी होतं. दोष उत्पादकाला कळवला का, कोड मिळणार का, हेही बघा. यातलं काहीच नसेल तर ते रेकॉर्डिंगवर सोडा. प्रश्नोत्तरांत ‘कोणते प्रयत्न फसले?’ हे जरूर विचारा. ज्याने काम स्वतः केलंय तो लगेच तपशिलात शिरतो.

खरी किंमत वसूल होते ती रेकॉर्ड न होणाऱ्या भागात. गटांची टेबलं म्हणजे असेंब्ली, स्वयंआयोजित सत्रं, सोल्डरिंगच्या कार्यशाळा. दिवसाला दोनच भाषणं प्रत्यक्ष ऐका, उरलेला वेळ इथे द्या. अडलेलं फर्मवेअर किंवा बोर्ड सोबत न्या. ठोस प्रश्न समोर असला की अनोळखी माणूसही तासभर शेजारी बसतो. फोटोत कुणी येणार असेल तर आधी परवानगी घ्या, हा नियम तिथे काटेकोर पाळतात.

तिकीट दारात मिळेल या भरवशावर जाऊ नका. ओळखीच्या हॅकरस्पेसकडून (हॅकरांच्या सामायिक कार्यशाळेकडून) तिकीट घेण्याचं व्हाउचर मिळतं का पाहा, कारण खुल्या विक्रीतली तिकिटं बघता बघता संपतात. भारतातून जाणाऱ्यांची अडचण व्हिसाची. शेंगेन अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ लागतात. तिकिटविक्री मात्र शरद ऋतूत होते. म्हणून बाकीची कागदपत्रं आधीच जुळवून ठेवा.

विमानतळावरून एस-१ लोकलने मुख्य स्टेशन, तिथून एकच थांबा डामटोर. संकुल तिथून पायी. २५ आणि २६ डिसेंबरला जर्मनीत दुकानं बंद असतात. २६ला पोहोचणार असाल तर खाण्याचं सामान मुख्य स्टेशनातल्या दुकानांतूनच घ्या.