उभी ट्राम हलवायची तर

मुंबईत ट्राम म्हटलं की विजेची ट्राम डोळ्यांपुढे येते. दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्याआधीची तीसेक वर्षं ही गाडी घोडे ओढत होते. ९ मे १८७४ ला कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे दोन मार्ग सुरू झाले. भाडं तीन आणे, तिकीट नाहीच. फुकटे वाढले तेव्हा त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली.

रुळांचा फायदा सरळ आहे. लोखंडावर लोखंडी चाक फार कमी अडतं, त्यामुळे रस्त्यावर गाडी ओढणारी जोडी रुळावर दुपटीएवढं ओझं सहज नेते. मात्र हे गाडी चालू असताना. उभी गाडी हलवायला कित्येक पट जोर लागतो, आणि उतारू तर दर पन्नास पावलांवर हात करणार! घोडा अंतराने दमत नसे, थांब्यांनी दमत असे.

म्हणून हाकणाऱ्याचं खरं कसब निघतानाच दिसायचं. आधी ब्रेक हळूहळू सैल करायचा, घोड्यांना छातीचा भार पुढे टाकू द्यायचा, जोत, म्हणजे घोड्यांना गाडीशी बांधणारे पट्टे, ताणले गेले की मगच इशारा. घाईत चाबूक ओढला तर हिसका बसून जोत तुटतो, नाहीतर खांदा सोलवटतो. आणि खांद्याला जखम झालेलं जनावर चंदी खात तबेल्यात उभं. ब्रेक हाताचा. दांडा फिरवला की साखळी गुंडाळली जाऊन ठोकळे चाकांवर दाबले जात. उशीर झाला तर डबा घोड्यांच्या मागच्या पायांवर येई. पावसात जास्त आवळला तर चाकं अडकून गाडी घसरतच पुढे जाई. त्यावर उपाय रुळावर वाळू टाकण्याचा.

रुळाच्या खाचेत खडी-चिखल बसला की ओढ वाढते, कधी चाक वर चढून गाडी उतरते. ती खाच सतत खरवडावी लागे. रुळांमधली फरसबंदी टापांनी गुळगुळीत होई आणि नाल घासलेला घोडा पहिल्या सरीत गुडघ्यावर येई. त्यामानाने मुंबईचे मार्ग सपाट, हे नशीबच. चढाच्या शहरांत पायथ्याशी जादा घोडा जुंपायला तयार ठेवावा लागे.

शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायची नाही. घोडे सोडून दुसऱ्या टोकाला जुंपायचे. एक घोडा दिवसाला चार-पाच तासच कामाचा, बाकी वेळ विसावा, खरारा, नालबंदी. म्हणजे एक डबा दिवसभर फिरवायला जोड्यांमागून जोड्या हव्यात. घोड्यांची ट्राम चालवणारी कंपनी बंद होताना तिच्याकडे तेराशेवर घोडे होते, ते यामुळेच.

७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. तिची मोटार सर्वांत जास्त जोर लावते तो नेमका गाडी उभी असताना.