आईचा बुधवार आणि थायलंडचा राहू

आईला घेऊन थायलंडला गेले होते. पट्टायाबद्दल एवढंच सांगते की गर्दी फार आणि समुद्र गढूळ. आईने पाय ओले केले आणि ‘आपलं गुहागर बरं’ म्हणून निकाल देऊन टाकला. खरी सहल सुरू झाली ती छाचोंगसाओला. बँकॉकच्या पूर्वेला, बांगपाकोंग नदीच्या काठी वाट समान रत्तनाराम नावाचं बौद्ध मंदिर आहे आणि तिथे आपला बाप्पा चक्क आडवा पहुडलाय. 16 मीटर उंच, नखशिखांत गुलाबी.

‘गणपती शेंदरी असतो. गुलाबी गुलाल असतो, तोही विसर्जनाला,’ आई म्हणाली. पेणहून येणाऱ्या मूर्तीही गुलाबीच असतात हे मी सांगून पाहिलं. ‘तो अंगाचा रंग, हा रंगवलेला,’ म्हणे. यावर काय बोलणार!

मूर्तीभोवती रंगीत उंदीर आहेत, प्रत्येक वाराचा वेगळा. आपल्या जन्मवाराचा उंदीर गाठायचा, त्याच्या एका कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हाताने झाकायचा, नाहीतर इच्छा पलीकडून निसटते. सिद्धिविनायकाच्या चांदीच्या उंदरांपाशी आईचा या कामात हात बसलेला. भांडण पेटलं ते रंगांवरून. तिथे रविवार लाल, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार केशरी, शुक्रवार निळा आणि शनिवार जांभळा. हे वारही आपल्यासारखेच ग्रहांवरून आलेले. पण आई नवरात्राच्या रंगांची पक्की: सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, शनिवार करडा. ‘यांनी आपले वार घेतले आणि रंग फिरवले,’ हा तिचा निष्कर्ष. नवरात्राचे हे रंग याच शतकाच्या सुरुवातीला एका मराठी वर्तमानपत्राने रुजवलेत, शास्त्रात वगैरे काही नाही, असं मी म्हटलं. पुढचा बराच वेळ आई माझ्याशी बोलली नाही. लोकल भरून बायका एका रंगात दिसतात त्याचं मलाही कौतुक आहे, पण त्याला पुराणाचा आधार शोधायला लागलं की माझं डोकं फिरतं.

थायलंडात हे रंग नऊ दिवसांपुरते नसतात, राज्यकारभारापर्यंत पोचलेले असतात. राजे भूमिबोल 5 डिसेंबर 1927 ला जन्मले तेव्हा सोमवार होता, आताचे राजेही सोमवारचेच, म्हणून पिवळा हा राजाचा रंग. 2007 मध्ये भूमिबोल इस्पितळातून गुलाबी कोट घालून बाहेर आले आणि गुलाबी शर्टांसाठी दुकानांत झुंबड उडाली. त्याच सुमाराला राजकारणात राजनिष्ठ पिवळे शर्टवाले विरुद्ध माजी पंतप्रधान थाकसिन यांचे समर्थक लाल शर्टवाले असा उभा दावा पडला. 2010 मध्ये लाल शर्टवाल्यांनी बँकॉकचा मध्यभाग कित्येक आठवडे अडवून धरला होता. आमचा ड्रायव्हर म्हणाला, त्या काळात कपाटातून शर्ट काढतानासुद्धा विचार करावा लागायचा.

जांभळा तिथे शनिवारचा, आणि परंपरेने विधवांच्या शोकाचाही. आईची आवडती साडी जांभळी. बाबा गेल्यावर आत्याने फिक्या साड्यांचा विषय काढला होता, तेव्हा आई तीच जांभळी नेसून बाहेर येऊन बसली होती. मी तिला थाई विधवांचं सांगितलं. ‘म्हणजे तिथेही काही ना काही आहेच,’ एवढंच म्हणाली.

पुढचा घोळ जन्मवेळेचा. थाई लोकांचे वार सात असले तरी जन्मवार आठ, कारण बुधवारचे दोन तुकडे. दिवसा जन्मलेले बुधाचे, संध्याकाळी सहानंतरचे राहूचे. दोघांच्या बुद्धमूर्तीही वेगळ्या. रात्रीच्या बुधवारचा बुद्ध रानात बसलेला, समोर हत्ती आणि मधाचं पोळं घेऊन माकड. आई बुधवारी रात्री साडेआठची. आपण इतकी वर्षं राहूच्या खात्यात आहोत हे कळल्यावर तिला चैन पडेना. राहूचं मोठं देऊळ कुठे, हे तिने ड्रायव्हरकडून काढून घेतलंच.

ते निघालं नखोन पाथोममध्ये, म्हणजे बँकॉकच्या बरोब्बर दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवसाचा जलप्रवास रद्द, पैसे परत नाहीत, आणि वर बँकॉकचा ट्रॅफिक! मी धुसफुसत होते. पण वाट सीसाथोंग नावाच्या त्या देवळात पोचल्यावर माझंच तोंड बंद झालं. चंद्र गिळणारा, कमरेपासून वरचाच राहू, आणि पुढ्यात सगळं काळं. काळ्या कातडीची कोंबडी, काळी दारू, काळी कॉफी, काळी जेली, काळे दाणे, काळा चिकट भात, काळी पडलेली अंडी, काळा केक. आठ पदार्थ, वर काळ्या उदबत्त्या. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये भूमिबोल गेले तेव्हा याच देशात काळे कपडे पुरेनात, म्हणून लोकांनी रस्त्यावर पिंपं मांडून शर्ट काळे रंगवले होते. शोकाचा तोच रंग इथे ताटलीत मांडून ग्रह शांत करायला वापरतात. आपणही काही वेगळे नाही म्हणा. लग्नात काळं नको, संक्रांतीला हवंच, आणि मंगळसूत्राच्या मण्यांबद्दल कोणी विचारतच नाही.

आईने प्रवासात मळत नाही म्हणून आणलेला काळा ड्रेस घातला होता. ताटलीवाल्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघून पसंतीची मान हलवली. कोंबडीवर मात्र अडलं. आई पक्की शाकाहारी. ‘कोंबडीऐवजी काळी द्राक्षं चालतील का?’ हे तिने मला तीनदा विचारायला लावलं. बाई हसल्या, बधल्या नाहीत. शेवटी हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, चेहरा दुसरीकडे करून तिने ती ताटली राहूसमोर ठेवली. नंतर जेली आणि कॉफी प्रसाद म्हणून संपवली. कोंबडी ड्रायव्हर घरी घेऊन गेला, दारूचं काय झालं ते आम्ही विचारलं नाही.